पालखीच्या वाटा अजून चालू आहेत, बाकीच्यांचं काय? कोकणातल्या जुन्या पायवाटांबद्दल इथे लिहा

सड्यावरून

किल्ल्यांच्या ट्रेकवर भरपूर धागे आहेत, ते इथे नकोत. मला बोलायचंय ते गावातल्या गावात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या वाटांबद्दल. चिऱ्यांच्या पाखाड्या (जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटा), उभ्या चढाच्या घाट्या, सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) पायवाटा, खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावरून तरीपर्यंत (होडीने खाडी ओलांडायच्या जागेपर्यंत) जाणाऱ्या वाटा.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, किनाऱ्यापासून फार आत नाही. गावी गेलो की एखादी तरी वाट कमी झालेली दिसते. एकीवर आंब्याच्या बागेचा गडगा (दगडी कुंपण) आलाय, दुसरी रानमोडीने एवढी भरलीय की कोयता घेतल्याशिवाय आत शिरता येत नाही, तिसरीच्या जागी चिरेखाणीचा ट्रक जाईल असा रुंद लाल रस्ता झालाय आणि ती वाट मुळात कुठून वळायची हेच आता सांगता येत नाही.

पण शिमग्यात पालखीबरोबर फिरताना एक गोष्ट ठळक जाणवली. देव ज्या वाटांनी जातो त्या वाटा सगळ्या शाबूत आहेत. पालखी वाडीवाडीतून घरोघर जाते, कुठल्या घराकडून कुठल्या घराकडे कसं जायचं ते ठरलेलं असतं, मानकऱ्यांना तोंडपाठ असतं, आणि बाजूने डांबरी सडक गेली असली तरी पालखी जुन्याच पाखाडीने उतरते. मग होळीच्या आधी वाडीतली पोरं कोयते, कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडतात, दोन्ही बाजूची झुडपं छाटतात, निखळलेला चिरा परत बसवतात, व्हाळावरच्या साकवाचे कुजलेले वासे बदलतात, कारण खांद्यावर पालखी घेऊन नाचत जाणाऱ्याचा पाय घसरून कसं चालेल. ह्याला ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही आणि निधीही लागत नाही. वर्षातून एकदा होतं, आणि जांभ्याच्या पाखाडीला वर्षातून एकदा पुरतं.

आता ज्या वाटा गेल्या त्या बघा. शाळेची वाट गेली कारण पटसंख्या कमी होऊन शाळाच बंद झाली. बावीची वाट गेली कारण नळ आले. तरीची वाट गेली कारण पूल झाला. नळ आले, पूल झाले हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाटेचं काम संपलं की दोन पावसाळ्यांत ती रानात जमा होते.

तर माझं म्हणणं असं की वाट वाचवायची असेल तर तिला वर्षातून एकदा ठरलेलं काम पाहिजे. नुसते बोर्ड लावून, रंगाचे बाण मारून ती टिकणार नाही. तुमच्या भागात कुठल्या वाटा अजून चालू आहेत आणि कशामुळे चालू आहेत ते सविस्तर लिहा.

खाडीपलीकडची

फार दिवसांनी मनासारखा धागा आला. माझं माहेर गुहागर तालुक्यात. आमच्याकडेही पालखी भोवनीला (घरोघर फिरायला) बाहेर पडते आणि तुम्ही म्हणता तसंच आहे, भोवनीची वाट कोणी अडवत नाही. बागेला तारेचं कुंपण घातलेल्या माणसानेसुद्धा तेवढ्या जागी बेडं ठेवलेलं असतं, आडवे वासे सरकवले की पालखी पार होते. ते बेडं पुढे वर्षभर सगळ्यांच्या उपयोगी पडतं, हे महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे खेळे (नमनाची लोककला करणारे). आमच्याकडचे नमनाचे खेळे एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचे, मृदुंग, संकासूर, गोमू, सगळे रात्रीचे सड्यावरून. आता टेम्पो असतो, पण जुन्या खेळ्यांना विचारा, कुठल्या वळणावर पाणी आहे, कुठे बसायला पार आहे, कुठल्या घरात हक्काने चहा मिळायचा, हे सगळं ते सांगतात. वाटांची माहिती गोळा करायची असेल तर आधी ह्या लोकांकडे जा, तलाठी नंतर.

तरीबद्दल. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून आहे, गाड्या जातात, सोय झाली. त्याआधी लहान होड्या होत्या आणि प्रत्येक तरीला दोन्ही काठांवर वर चढणारी घाटी असायची. फेरी धक्क्यावरून निघते त्यामुळे धक्क्याचा रस्ता राहिला आणि आजूबाजूच्या बारक्या तरींच्या घाट्या बुजल्या. जयगड-तवसाळलाही धक्क्यापासून वर गाडीरस्ताच आहे, पायवाट शोधायला लागते. आता रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल होतायत, ते पूर्ण झाले की उरलेल्या तरी पण बंद होतील. ज्यांना त्या वाटा बघायच्या असतील त्यांनी आत्ता बघून घ्या, आणि तरवाल्याशी बोलून घ्या.

किनाऱ्याकिनाऱ्याने चालणाऱ्यांसाठी भरतीचं गणित इथे लिहून ठेवते, कारण दोन पुळणींच्या (वाळूच्या किनाऱ्यांच्या) मधलं खडकाळ टोक बऱ्याच ठिकाणी फक्त सुकतीलाच (ओहोटीलाच) ओलांडता येतं. तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. शुद्ध असो वद्य असो, हिशोब तोच. त्यानंतर सहा तासांनी आणि वर थोडी मिनिटं धरून पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी वरही जास्त चढतं आणि खालीही जास्त जातं, म्हणून खडकातून पार व्हायला उधाणाच्या दिवसातली संध्याकाळची ओहोटी सगळ्यात चांगली, फक्त अंधाराच्या आत पलीकडे पोचायचं. अष्टमीच्या आसपास भांग असते तेव्हा पाणी फारसं मागे जात नाही, तेव्हा त्या टोकाला जाऊच नये, वरून सड्याने जावं.

आणि हेदवीच्या बामणघळीत भरतीच्या वेळी पाणी उसळतं ते बघायला लोक कडेला जातात, तिथला कातळ शेवाळलेला असतो. मागे उभं राहून बघा. पावसाळ्यात तर नाहीच.

देवगडचो

सड्यावरून भाऊ, तुमी लिवलास ता अगदी बरोबर आसा. आमच्याकडे शिमग्यापेक्षा म्हाशिवरात्रीक वाटो साफ होतत. कुणकेश्वराच्या जत्रेक खयखयसून देवस्वाऱ्यो येतत, तरंगां (देवाचे सजवलेले खांब), पालखी, निशाण, ढोल, अब्दागीर, सगळो लवाजमो, आणि देव काय गाडयेत बसणत नाय, चलत जातत. मराठीत लिवतंय आता, नायतर बाकीच्यांका कळूचा नाय.

महाशिवरात्रीनंतरच्या अमावास्येला समुद्रात तीर्थस्नान असतं. देवगड, मालवण, कणकवली ह्या तालुक्यांतल्या कितीतरी गावांचे देव तिथे येतात. काही जवळपास दरवर्षी, काही कित्येक वर्षांनी एकदा देवाचा कौल (देवाची संमती) झाला की. लांबच्या देवाला पोचायला एकापेक्षा जास्त दिवस लागतात, मग वाटेत वस्ती कुठे करायची ते घर, ते देऊळ पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. लोक अनवाणी चालतात. वाटेवरचं गाव शिवेवर येऊन उभं राहतं, देवाच्या पायावर पाणी, ओटी, बरोबरच्या माणसांना गुळपाणी, सरबत, जेवण. दोन देवांची शिवेवर भेट होते ती बघायची गोष्ट आहे, तरंगं एकमेकांना टेकतात आणि ढोल असे वाजतात की अंगावर काटा येतो.

आता मुद्दा असा की जो देव बऱ्याच वर्षांनी निघतो त्याची वाट तोपर्यंत बंद झालेली असते. मग म्हातारी माणसं पुढे होऊन दाखवतात, इथून खाली, त्या फणसाकडून डावीकडे, व्हाळ ओलांडून वर. दोन-तीन गावची माणसं मिळून ती वाट नव्याने तोडतात. ज्याच्या बागेतून जाते तो स्वतः गडगा पाडून देतो आणि नंतर परत बांधतो. हे मी बघितलंय. कोर्टकचेरीने जी वाट मोकळी झाली नसती ती एका कौलाने झाली.

पुण्याची_वाटसरू

वाचून लगेच निघावंसं वाटतंय. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी चालायला जातो, बहुतेक घाटमाथ्यावर. कोकणात बाहेरच्या माणसांनी अशा वाटांवर चाललेलं चालतं का? कोणाच्या अंगणातून वाट जात असेल तर काय करायचं? कुठल्या महिन्यात यावं? आणि कोणी जीपीएस ट्रॅक टाकू शकेल का, म्हणजे चुकायला होणार नाही.

सड्यावरून

@पुण्याची_वाटसरू, ताई, चालतं, पण थोडं समजून.

वाट अंगणातून जाते म्हणजे खरंच अंगणातून जाते, तुळशीच्या बाजूने, पडवीला लागून. लांबून हाक मारायची, "कोण आहे काय घरात?" म्हणायचं, कुठून आलो कुठे चाललो ते सांगायचं. बहुतेक ठिकाणी पाणी विचारतील, बसायला सांगतील. पाच मिनिटं बसा, पुढची वाट नीट कळते, कुठे गडगा नवीन आलाय तेही कळतं. फोन काढून थेट घराचे फोटो काढू नका. बेडं उघडलंत तर वासे परत सरकवून लावा, गुरं शिरली तर त्या माणसाचं वर्षाचं नुकसान होतं.

महिना. पावसाळा संपता संपता, म्हणजे गणपतीनंतर ते दिवाळीपर्यंत सडा बघण्यासारखा असतो. कातळावर पाण्याची थारोळी असतात आणि सीतेची आसवं, गेंद, कवला असं सगळं फुललेलं. वर ऊन कडक लागतं, सड्यावर झाड नसतं हे ध्यानात ठेवा, सकाळी दहाच्या आत सडा पार करायचा. डिसेंबर-जानेवारी चालायला सगळ्यात सोपा. मार्चपासून आंब्याचा सीझन, बागांमध्ये राखणीला माणसं आणि कुत्री असतात, तेव्हा गावातलं कोणी बरोबर असल्याशिवाय बागेतून जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं, रातांबे, काजू सगळं असतं पण दुपारी सड्यावर जीव जाईल एवढं तापतं.

फुरसं, म्हणजे विषारी साप. जांभ्याच्या सड्यावर भरपूर, आकाराने लहान, रंगाने कातळासारखं, दगडाखाली बसलेलं असतं. बूट घाला, दगड उलटे करू नका, बसायच्या आधी नीट बघा, काळोख पडला की बॅटरी. चावलं तर बांधाबांधी, चिरा मारणं काही करायचं नाही, हलू न देता सरळ हॉस्पिटल. निघतानाच आरोग्य केंद्र कुठे आहे ते विचारून ठेवा. सड्यावर रेंज नसते.

ट्रॅकबद्दल माझं अजून नक्की मत झालं नाही, बाकीच्यांनी सांगा.

नकाशेवाला

थोडा वेगळा सूर लावतो. पालखीचा मुद्दा भावनेला पटतो, पण सगळं देवावर टाकून भागणार नाही. पालखी पण आता काही गावांत ठरावीक ठिकाणीच बसते, लोक तिथे दर्शनाला येतात, कारण घरं बंद आहेत आणि खांदा द्यायला माणसं नाहीत. उद्या ती वाटही गेली मग?

कागद बघायला शिका. भूमी अभिलेख कार्यालयात गावचा नकाशा मिळतो. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. ज्या वाटेची अशी रेषा आहे ती कोणाच्या मेहेरबानीची नाही. वापरात असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत लोकांना माहीत नसते, दोन-तीन वर्षं भांडत बसतात आणि मग कळतं की वेळ गेली. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागता येतो, पण ते शेत कसणाऱ्यासाठी, फिरायला जाणाऱ्यासाठी नाही.

आणि ट्रॅक टाकावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर पायवाटा काढून ठेवा. वीस वर्षांनी कोणी म्हणालं की इथे वाट नव्हतीच, तर दाखवायला काहीतरी पाहिजे. म्हातारी माणसं कायम राहणार नाहीत.

शिरोड्याची

ट्रॅक टाकायला माझा विरोध आहे, सगळे नाही, पण काही वाटांचे तरी नकोत.

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला देवरहाटीतून (देवाच्या राखीव जंगलातून) जाणाऱ्या वाटा आहेत. तिथे गावातला माणूस पण चप्पल काढून जातो, काडी उचलत नाही, मोठ्याने बोलत नाही. ते जंगल एवढं दाट राहिलंय ते त्या धाकामुळेच. सगळीकडे लाकूड तुटलं आणि तिथे अजून दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं आहेत, झऱ्याला मे महिन्यात पाणी आहे. अशा ठिकाणाचा ट्रॅक इंटरनेटवर गेला की रीलवाले येणार, ड्रोन येणार, एखादा ग्रुप तंबू टाकून चिकन भाजणार. त्यांना कोण सांगणार की हे देवाचं आहे.

वाट आणि श्रद्धा आमच्याकडे किती जवळ आहेत ते सांगते. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या चपला वाहतात, चामड्याच्या, माणसाच्या मापापेक्षा कितीतरी मोठ्या. केळ्यांचा घड आणि चपला, हा त्याचा मान. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, सगळ्यांची राखण करतो, आणि चालून चालून चपला झिजतात असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय आणि मी ते मानते. ज्या गावचा देवच वाटांवरून फिरतो तिथे वाट म्हणजे नुसती जाण्यायेण्याची जागा नाही. माझी आजी संध्याकाळनंतर शिवेवरच्या वाटेला पाय ठेवायच्या आधी थांबून हात जोडायची. बाहेरच्या माणसाने हात जोडावेत असं मी म्हणत नाही, पण त्याला निदान माहीत असावं.

सड्यावरून

@शिरोड्याची, तुमचं म्हणणं पटलं. कातळशिल्पांच्या (सड्याच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांच्या) बाबतीत हेच होतंय.

आमच्या सड्यांवर कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवाचं गोठणं, देवीहसोळ, आणि वर रत्नागिरी तालुक्यात उक्षी, जांभरुण. ही सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ मिळून नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीचा हत्ती अंदाजे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. त्याच्यापाशी उभं राहिलं की समजतच नाही आपण कशावर उभे आहोत, बाजूला जाऊन हळूहळू एकेक रेषा जुळवायला लागते. गोठण्याच्या सड्यावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, त्यामुळे तिथे दिशेसाठी तिच्यावर विसंबू नये, सूर्य बघावा.

ह्यातली बरीच शिल्पं जुन्या पायवाटांच्या जवळ आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गुराख्यांना, सड्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांना ती माहीत होतीच, गावात त्यांच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. म्हणजे अभ्यासकांना ती दाखवली ती वाटेने चालणाऱ्यांनी. वाट गेली तर सड्यावर जाणारा माणूस गेला, आणि मग चिरेखाणीवाल्याला अडवायला तिथे कोणीच नाही. रेषा दिसाव्यात म्हणून काही लोक त्यात खडूची पूड भरतात, शिल्पावर बूट घालून उभे राहून फोटो काढतात. काठावरून बघायचं, सकाळी किंवा संध्याकाळी तिरकं ऊन असताना, तेव्हा रेषा आपोआप उठून दिसतात, काही भरायची गरज नाही.

आचऱ्याचो

गावपळणीबद्दल कोणी लिवला नाय म्हणान लिवतंय.

आमच्याकडे तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. घराला कुलूप, वाड्या सुन्न. बाहेर माळावर, खाडीच्या पलीकडे, ओहोळाच्या काठाला राहुट्या बांधतात, रात्री भजनं, फुगड्या, लहान पोरांची मजा, शेजारी शेजारी असे बसतात जसे गावात कधी बसत नाहीत. तीन दिवसांनी परत कौल घेऊन आत यायचं. चिंदर आणि वायंगणीला पण गावपळण आहे, वैभववाडीतल्या शिराळ्याला दरवर्षी असते.

वाटांच्या दृष्टीने बघितलं तर गाडीने सामान जातं पण गुरं चालतच जातात, आणि गुरं न्यायची तर डांबरावरून कोण नेतो. त्यामुळे शिवेपर्यंत जाणाऱ्या वाटा ह्या निमित्ताने पायाखाली येतात. लहान मुलांना गावाची शीव नक्की कुठे आहे ते तेव्हाच कळतं, मला पण तसंच कळलं. नकाशातली तुटक रेषा बघून ते कळलं नसतं.

खाडीपलीकडची

हे फार आवडलं. मुलांना शीव माहीत असणं.

@नकाशेवाला, तुमचा सहा महिन्यांचा मुद्दा मी माहेरी कळवला, उपयोगी आहे. पण तुटक रेषा असली तरी तिथे चालणारा नसेल तर तहसीलदार तरी काय बघायला येणार? पंचनाम्याला आले की विचारतात, वहिवाट आहे का. वहिवाट दाखवायला माणसंच लागतात. तेव्हा तुमचं आणि सड्यावरून यांचं म्हणणं मला वेगळं वाटत नाही.

नकाशेवाला

मान्य. पंचनाम्यात वहिवाट सिद्ध करायला पालखीचा मार्ग हा चांगला पुरावा होऊ शकतो, गावातली वयस्क माणसं जबाब देऊ शकतात. म्हणूनच म्हणतो लिहून ठेवा. देवरहाटीतल्या वाटा, शिल्पांकडे जाणाऱ्या वाटा सार्वजनिक नकाशावर नको, मान्य, त्या गावाकडे वहीत असू द्या. पण बाजाराची वाट, तरीची वाट, दोन गावांना जोडणारी सड्यावरची वाट, ह्या लपवून काय फायदा.

चाकरमानी_दिवा

गेले दोन दिवस हा धागा वाचतोय, आज लिहायला बसलो. आम्ही शिमग्याला आणि गणपतीला गावी जातो, ते चार-आठ दिवस पाखाडीवर माणूस दिसतो, नंतर आईवडील आणि शेजारची एक आजी एवढेच. आई सांगत होती की आता ती देवळात पण रिक्षाने जाते कारण पाखाडीवर शेवाळ आलंय आणि पडली तर उचलायला कोणी नाही. ऐकून खूप वाईट वाटलं. आमच्या लहानपणी त्या पाखाडीवरून डोक्यावर तांदळाची पोती घेऊन माणसं चढायची.

चाकरमान्यांना एक सांगणं आहे. पालखी नाचवायला आपण सगळे पुढे असतो, पण वाट साफ करायला गावात राहिलेली चार पोरं असतात आणि त्यांची पण आता बारावीनंतर मुंबईची तयारी. होळीच्या दोन दिवस आधी पोचा. रजा मिळत नाही मला माहितीये, मी पण खाजगी कंपनीत आहे, पण त्या दोन दिवसांचा उपयोग शेवटच्या दिवशीच्या डीजेपेक्षा जास्त आहे. गणपतीतही विसर्जनाची वाट असते, ती पण तेवढीच साफ ठेवावी लागते, भर पावसात मूर्ती डोक्यावर घेऊन पाणवठ्यावर उतरायचं असतं. म्हणजे वर्षातून दोनदा हात फिरला तर आईला रिक्षा लागणार नाही.

शिरोड्याची

@चाकरमानी_दिवा, दादा, अगदी मनातलं लिहिलंत. शेवाळासाठी एक उपाय आमच्याकडे करतात, पावसाळ्याच्या सुरुवातीला पाखाडीवर माडाच्या झावळ्या टाकून ठेवतात, पाय घसरत नाही. कुजल्या की बदलायच्या. आणि वरची फांदी छाटून ऊन आलं पाहिजे, सावलीतल्या चिऱ्यावरच शेवाळ जास्त धरतं. सिमेंट ओतू नका मात्र. आमच्या वाडीत एका पाखाडीवर सिमेंट केलं, पहिल्या पावसात ती गुळगुळीत झाली, पाणी मुरायचं बंद झालं आणि कडेचा गडगा ढासळला. चिरा पाणी पितो, तो तसाच बरा.

पुण्याची_वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रॅकचं मी मागे घेते, गावातलं कोणी बरोबर घेऊनच चालू. मला एक विचारायचंय, बाहेरची माणसं वाट साफ करायला आली तर चालेल का? म्हणजे फक्त बघायला नाही, होळीच्या आधी दोन दिवस कामाला. आणि @देवगडचो, कुणकेश्वरला जाणाऱ्या देवाबरोबर चालता येतं का, बायकांना?

सड्यावरून

@पुण्याची_वाटसरू, ताई, जरूर या. मी वाडीत विचारलं, आमच्याकडे कोणाची हरकत नाही. हातमोजे आणा, कोयते आहेत. कुठल्या वाटेला हात लावायचा ते मानकरी सांगतील, आपल्या मनाने काही तोडायचं नाही, कारण वाटेवरच्या काही झाडांना राखणदाराचा मान असतो आणि ते बाहेरून बघून कळत नाही. राहायची सोय घरी होईल, जेवण वाडीबरोबर. शिमगा झाल्यावर कुठली वाट कुठून कुठे साफ झाली ते मी इथेच लिहीन, आणि बाकीच्यांनी आपापल्या गावचं लिहावं, कोणाच्या बागेतून जाते ते नाव न घालता.

देवगडचो

बायका चलतत, भरपूर चलतत. देवाबरोबर निघण्याआधी ज्या गावचो देव आसा त्या गावच्या मानकऱ्यांका विचारायचं, ते पुढे कुठे, मागे कुठे चालायचं सांगतील, तरंगांच्या पुढे जायचं नाही एवढं लक्षात ठेवा. पायात काही घालायचं नाही, म्हणून आधी सवय करा, फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी कातळ तापतो. पाण्याची बाटली हवी, पण वाटेत लोक एवढं देतात की ती रिकामी व्हायची नाही. सूती कपडे, डोक्याला पंचा. तीर्थस्नान अमावास्येला म्हणजे उधाण, तिथे किनाऱ्यावर पोलीस आणि गावचे स्वयंसेवक सांगतील तिथपर्यंतच पाण्यात जायचं. परतीची वाट देवाची असते, ती पण चालायची, अर्ध्यावरून एसटी पकडायची नाही. तारीख पंचांगात बघा, माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी अमावास्या. महिनाभर आधी इथे लिवा, मी आमच्या भागातसून कुठचो देव निघता ता कळवतंय.